रूळ हायवेलगत न्या, पण आमची जमीन एकदाच मोजा : नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

साहेब, मी राहतो नाशिकरोडला आणि शेती आहे सिन्नर तालुक्यात, भावाभावांच्या सामायिक सातबाऱ्यावर. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात फास्ट रेल्वेची कुठलीही लाईन आखली की तिचा संबंध एकतर माझ्या बांधाशी येतो नाहीतर माझ्या स्टेशनशी. गेली काही वर्षं आम्ही दोन लाईनींची नावं ऐकतोय. एक पुणे-नाशिक सेमी हायस्पीड. दुसरी मुंबई-नागपूर हायस्पीड, जिला सगळे बुलेट ट्रेनच म्हणतात, जी समृद्धी महामार्गाच्या कडेने न्यायचं चाललंय. पहिलीचा मार्ग तुम्ही बदलला, दुसरीचं पुढे काय ते आमच्या गावात येऊन कुणी सांगत नाही. आणि या दोन्हीच्या मधे सिन्नर, इगतपुरी, संगमनेरचा शेतकरी लटकलाय. विहीर खोदावी का, द्राक्षबाग लावावी का, पोराला घर बांधून द्यावं का, काहीच ठरवता येत नाही. हे आता गप्प बसून बघवत नाही म्हणून हे पत्र उघड लिहितोय, तुम्हीही वाचा आणि नाशिककरांनीही वाचावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. हायवेच्या कडेने रेल्वे न्यायला माझा पाठिंबा आहे, मनापासून. तिथे एक पट्टा आधीच कापलेला असतो, गावं एकदा तुटलेलीच असतात, आवाज आधीच असतो, बांधकामाला क्रेन आणि डंपर न्यायला रस्ता शेजारीच तयार असतो, त्यासाठी दुसरीकडची कोरी बागायत फाडण्यापेक्षा हे कधीही बरं. आणि हे जगात करून झालंय. जर्मनीत कोलोन ते फ्रँकफर्ट लाईन २००२ ला सुरू झाली, ती बराचसा रस्ता ए-३ हायवेला चिकटून जाते आणि गाडी ३०० च्या स्पीडने धावते. इटलीत मिलान-बोलोन्या लाईन तशीच, जुन्या हायवेच्या शेजारून, २००८ ची. आपल्या देशातसुद्धा दिल्ली-मेरठ नमो भारतचे खांब कितीतरी अंतर चालू रस्त्याच्या मधोमध उभे केलेत. तेव्हा होत नाही असं कुणी म्हणू नये. माझं भांडण कल्पनेशी नाही, आपल्याकडे ती ज्या क्रमाने राबवतात त्याच्याशी आहे.

क्रम बघा. समृद्धीची घोषणा २०१५ ची. जमिनी घेतल्या, २०१९ च्या सुमारास कामं लागली, आणि रेल्वेसाठी विमानातून लायडर सर्व्हे, म्हणजे लेझरने जमिनीची मोजणी, झाली २०२१ मध्ये, म्हणजे इकडे भराव पडून पुलांचे खांब उभे राहिल्यावर. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० मीटर रुंद, नाशिक जिल्ह्यात इगतपुरी आणि सिन्नर मिळून जवळपास १०० किलोमीटर. एवढा पट्टा घेताना रेल्वेचा विचार त्याच टेबलावर व्हायला पाहिजे होता, कारण रस्त्याला आणि रुळाला लागणारी वळणं सारखी नसतात. रस्त्याला हजार मीटर त्रिज्येचं वळण चालून जातं, ड्रायव्हर थोडं स्टिअरिंग फिरवतो आणि निघून जातो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला मेन लाईनवर कमीत कमी ६००० मीटर त्रिज्या धरलीये. म्हणजे रस्ता जिथे जिथे वळेल तिथे रूळ रस्ता सोडून सरळ शेतात घुसणार, पुढे जाऊन परत रस्त्याला भेटणार, इंटरचेंज आला की त्याला वळसा घालून नाहीतर वरून जाणार. तेव्हा "समृद्धीच्या कडेने" असं भाषणात म्हटलं की लोकांना वाटतं नवी जमीन लागणारच नाही. ते खरं नाही. किती लागणार, कुणाची लागणार, हे गटनंबरसकट सांगायला पाहिजे.

आणि रस्ता आणि रूळ यांच्या मधे जो तुकडा उरतो त्याचं काय? मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. आमच्याच शेताचं सांगतो. रस्ता मधून गेला, विहीर एका बाजूला राहिली आणि निम्मं रान दुसऱ्या बाजूला. पाईपलाईन पलीकडे न्यायची तर परवानगी, ट्रॅक्टर न्यायचा तर लांबच्या बोगद्यातून, गुरं न्यायची तर त्याच बोगद्यातून, आणि पावसाळ्यात तिथे पाणी. मोबदला मिळाला, चांगला मिळाला, ते मी नाकारत नाही, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, पाचपट म्हणून सरकारने सांगितलं होतं त्यावर आमच्या भागात कित्येकांची घरं बांधून झाली, पोरांची लग्नं झाली. पण मोबदला मिळतो तो घेतलेल्या जमिनीचा. उरलेल्या तुकड्याची किंमत जी खाली येते तिचा हिशोब कुणीच करत नाही. आता त्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटरवरून रेल्वेचा पट्टा गेला तर मधला तुकडा दोन्हीकडून कुंपणात अडकणार. त्याला रस्ता नाही, पाणी नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही, आणि सातबाऱ्यावर मात्र तो शेतकऱ्याच्या नावाने बागायत म्हणून दिसत राहणार. इगतपुरीकडे भाताची खाचरं आहेत, एकाला लागून एक, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं. त्यात दोन भराव समांतर टाकले तर मधल्यांचं भात कुजणार आणि खालच्यांचं वाळणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. सिन्नरच्या पूर्वेला उलट, पाणीच कमी, देवनदीला मिळणारे ओढे हेच काय ते, त्यांची तोंडं बुजली की विहिरींचा पाझर गेला.

याला उपाय आहे, नाही असं नाही. मुंबई-अहमदाबादला बहुतेक सगळी लाईन खांबांवर नेली, पट्टा लागतो साडेसतरा मीटरचा, खालून ओढा पण जातो, बैलगाडी पण जाते. महाग पडतं हे मान्य. पण इथे भराव स्वस्त पडतो म्हणून भराव टाकाल तर तो उरलेला खर्च शेतकरी भरतो, पिढ्यान् पिढ्या, एवढं लक्षात ठेवा.

आता पुणे-नाशिक. २३५ किलोमीटर, २०० चा स्पीड, १६,०३९ कोटींचा अंदाज, नाशिकरोडहून सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण आणि पुणे, पावणेदोन तासात, असं आम्हाला सांगितलं होतं. जुन्या पुणे हायवेच्याच अंगाने जाणारा मार्ग. माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याच्यासारखी हजारो नाशिकची पोरं तिकडे आहेत, सणाला येताना मोशी-चाकणच्या ट्रॅफिकमध्येच त्यांचा अर्धा जीव जातो. नाशिकहून पुण्याला आजही सरळ रूळ नाही साहेब. एकतर कल्याण-कर्जतकडून वळसा नाहीतर मनमाड-दौंडकडून. राज्यातली एवढी मोठी दोन शहरं, दोन्हीकडे कारखाने, मधे भाजीपाला आणि दुधाचा सगळा पट्टा, आणि जोडणारी रेल्वे नाही. म्हणून सिन्नर तालुक्यात लोकांनी खरेदीखतं करून दिली. लढे-मोर्चे न करता दिली. मोजणीला माणसं आली तेव्हा चहा पाजून बांध दाखवले.

आणि मग कळलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण, विजेवरच्या गाड्यांमुळे तिच्या संशोधनात अडथळा येईल, म्हणून तो मार्ग रद्द आणि आता नाशिक-शिर्डी-अहिल्यानगर-पुणे. लोकसभेत तुम्हीच सांगितलंत. दुर्बिणीबद्दल माझ्या मनात आदर आहे, जगात नाव आहे तिचं, तिला धक्का लागू नये हेच बरोबर. पण साहेब, ती काय काल उभी राहिली का? १९९० च्या दशकापासून त्या तबकड्या हायवेवरून जाताना दिसतात, आमच्या भागातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. ज्यांनी मार्ग आखला, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल केला, जमिनी खरेदी केल्या, त्यांनी पहिल्याच महिन्यात खोडदच्या शास्त्रज्ञांना विचारायला काय हरकत होती? आणि अडचण नारायणगावच्या आसपासच्या टप्प्याची आहे तर तेवढा टप्पा लांबून फिरवता येतो का, हे लोकांसमोर मांडून मगच काय तो निर्णय घ्यायचा. त्याऐवजी संगमनेर, आळेफाटा, मंचर हा सगळाच पट्टा वगळला गेला. शिर्डीला गाडी मिळतेय, मिळू द्या, अहिल्यानगर-पुणे लाईन व्हायलाच पाहिजे, तिथल्या लोकांचाही हक्क आहे. पण त्याला पुणे-नाशिक म्हणू नका. नाशिकचा माणूस पुण्याला जायला आधी पूर्वेला शिर्डीला कशाला जाईल, तो परत एसटीच पकडेल.

आणि ज्यांनी खरेदीखतं केली त्यांच्या जमिनीचं काय करणार ते सांगा ना. रूळ तिकडून जाणार नसतील तर त्या तुकड्यांत काय उगवणार? काही जणांची मोजणी झाली पण व्यवहार नाही झाला, ते तर सगळ्यात वाईट अवस्थेत, ना पैसे ना मोकळीक. बँकेत कर्ज मागायला गेलं की साहेब लोक विचारतात ही जमीन रेल्वेत जाणार होती ना. भावाला हेच ऐकून परत यावं लागलं.

तिसरी गोष्ट स्टेशनची, आणि ही शहरातल्या लोकांनी नीट वाचावी. समृद्धी महामार्ग नाशिक शहराला शिवत नाही. तो घोटी, भरवीर, सिन्नरकडून निघून जातो, सिन्नरहून नाशिक ३० किलोमीटर. रेल्वे जर त्याला घट्ट चिकटून नेली तर "नाशिक" नावाचं स्टेशन नाशिकच्या बाहेर माळावर पडणार. असं फ्रान्समध्ये घडलंय. पॅरिस-लील लाईन १९९३ ला सुरू झाली, ए-१ हायवेच्या शेजारून सरळ नेली, त्यात आमिआँ हे जुनं मोठं शहर बाजूला राहिलं. त्या भागासाठी म्हणून शेतात एक स्टेशन बांधलं, हायवेच्या कडेला, चहूबाजूंनी साखरेच्या बीटाची शेतं, जुन्या रेल्वेला जोड नाही. तिकडचे लोक त्याला बीटाचं स्टेशनच म्हणतात. आपल्याकडे उसाचं नाहीतर कांद्याचं स्टेशन होईल. आणि फ्रान्सला निदान एक सोय आहे, त्यांचे फास्ट रूळ आणि जुने रूळ एकाच रुंदीचे, त्यामुळे फास्ट गाडी पुढे जाऊन जुन्या लाईनवरून शहरातल्या स्टेशनात शिरू शकते. आपण मुंबई-अहमदाबादसाठी स्टँडर्ड गेज घेतलंय, १४३५ मिलिमीटर, आणि आपली नेहमीची लाईन १६७६ ची. तीच पद्धत नागपूरला आली तर ती गाडी नाशिकरोडला कधीच वळवता येणार नाही. एकदा स्टेशन चुकलं की शंभर वर्षं चुकलं.

कुणी म्हणेल फीडर बस देऊ, मेट्रो देऊ. नाशिकच्या मेट्रो निओला, म्हणजे रबरी टायरवरच्या छोट्या मेट्रोला, केंद्राच्या २०२१ च्या बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते, शहरात आजपर्यंत एक खांब नाही. द्वारका चौकात आणि मुंबई नाक्यावर संध्याकाळी काय अवस्था असते ते येऊन बघा. सातपूरचा कामगार द्वारका ओलांडून, नाशिकरोड ओलांडून, मोहदरीचा घाट चढून फास्ट गाडी पकडायला जाणार, त्याला घरून स्टेशनपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढ्यात गाडी मुंबईला पोचलेली असेल.

घाटाचं एक थोडक्यात सांगतो कारण त्यावर नेहमी उत्तर मिळतं की कसारा आहे, कठीण आहे. आजच्या लाईनला कसारा घाटात ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात, त्यात वेळ जातो. पण वर सांगितली ती कोलोन-फ्रँकफर्ट लाईन २५ ला १ चढ चढते, म्हणजे आपल्या कसाऱ्यापेक्षा तीव्र, कारण तिथे मोटर एकट्या इंजिनात नसून गाडीभर डब्यांखाली वाटलेल्या आहेत आणि ती लाईन फक्त प्रवासी गाड्यांची आहे. आपली शिर्डीची वंदे भारतसुद्धा बँकरशिवायच घाट चढते. रस्त्यासाठी इगतपुरीला जवळपास ८ किलोमीटरचे जुळे बोगदे आपण फोडलेच ना. डोंगराचा अभ्यास एकदा झाला होता, दगडाचे नमुने काढले होते, मलबा टाकायला जागा शोधल्या होत्या, त्याच वेळी रेल्वेचा बोगदा आखला असता तर किती काम वाचलं असतं. ती वेळ गेली. पुढची घालवू नका एवढंच.

सुरक्षेचं तर कुणी बोलतच नाही. हायवेच्या शेजारी फास्ट रेल्वे म्हणजे रस्त्यावरची गाडी रुळावर जाता कामा नये. २००१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये ग्रेट हेक इथे हायवे सोडून एक गाडी उतारावरून थेट रुळावर गेली, तिला एक्स्प्रेस धडकली, घसरलेल्या एक्स्प्रेसला समोरून मालगाडी, १० माणसं गेली. आपल्या समृद्धीवर १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं जळून गेली. रात्रीच्या एकसुरी सरळ रस्त्यावर डुलकी लागणं हे या रस्त्याचं रोजचं भय आहे. तिथे जमिनीच्या पातळीवर, नुसत्या तारेच्या कुंपणापलीकडे ३०० च्या स्पीडने गाडी धावणार असेल तर मी माझ्या घरच्यांना त्या गाडीत बसू देणार नाही. खांबांवर न्या, नाहीतर ट्रकने धडक मारली तरी न फुटणारी काँक्रीटची भिंत बांधा, आणि त्याचा खर्च पहिल्याच अंदाजात धरा, नंतर पैसे संपले म्हणून गाळू नका.

आता मागण्या.

समृद्धीलगतच्या लाईनचा नकाशा मराठीत, गटनंबरसकट, नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक संबंधित ग्रामपंचायतीत लावा. कुठे लाईन रस्त्याच्या १२० मीटरमध्ये बसते आणि कुठे बाहेर जाते हे वेगळ्या रंगात दाखवा. जोपर्यंत हे होत नाही तोपर्यंत एकही मोजणीचा खांब रोवू नका.

रस्ता आणि रूळ यांच्यामधे अडकणारा तुकडा, शेतकऱ्याने मागितलं तर, सरकारने विकत घ्यायचा. समृद्धीला जो पाचपट दर सांगितला तोच. शेतकऱ्याला ठेवायचा असेल तर त्याला ट्रॅक्टर जाईल असा रस्ता आणि पाईपलाईनसाठी पाईप आधीच टाकून द्यायचा, पूल बांधतानाच, नंतर अर्ज करायला लावायचं नाही. ओढे आणि भातखाचरं आहेत तिथे भराव नको, खांब पाहिजेत.

नाशिकचं स्टेशन नाशिकरोडला, किंवा निदान सध्याच्या रेल्वेलाईनला लागून, जिथे एका जिन्याने लोकल-एक्स्प्रेसच्या प्लॅटफॉर्मवर उतरता येईल. त्यासाठी लाईनने समृद्धी सोडून शहराकडे यावं लागलं तर यावं. रेल्वे माणसांसाठी असते, हायवेला सोबत म्हणून नसते. सिन्नरला वेगळा थांबा द्या, मुसळगाव आणि माळेगावच्या एमआयडीसीला तो लागेलच.

पुणे-नाशिकचा संगमनेर-सिन्नर मार्ग पुन्हा विचारात घ्या. जीएमआरटीच्या शास्त्रज्ञांना सोबत बसवा, फक्त अडचणीचा टप्पा बदलून काय होतं त्याचा अहवाल लोकांसाठी खुला करा. तरीही नाहीच जमलं तर तसं लेखी सांगा, पण मग खरेदी केलेल्या जमिनी ज्या किमतीला घेतल्या त्याच किमतीला मूळ मालकाला परत घ्यायचा पहिला हक्क द्या, आणि ज्यांची नुसती मोजणी झाली त्यांना जमीन मोकळी झाल्याचं पत्र द्या, म्हणजे बँकेच्या दारात ते दाखवता येईल.

अजून एक, आणि ही मागणी पुढच्यांसाठी. वाढवण बंदरापासून भरवीरला समृद्धीशी जोडणारा रस्ता मंजूर झालाय, सुरत-चेन्नई हायवेचं सुद्धा आमच्या जिल्ह्यात भिजत घोंगडं आहे. असा कुठलाही नवा मोठा रस्ता आखताना रेल्वेचा पट्टा आणि रेल्वेची वळणं त्याच आराखड्यात, त्याच मोजणीत, त्याच मोबदल्यात धरा, मग रेल्वे वीस वर्षांनी का होईना. रस्तेवाले आणि रेल्वेवाले यांनी एकत्र बसून एकाच नकाशावर सही केल्याशिवाय भूसंपादनाची नोटीस निघू नये, असा नियमच करा.

यावर सिन्नर आणि घोटी अशा दोन ठिकाणी जाहीर सुनावणी घ्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुंभाची अमृतस्नानं आहेत, सगळी यंत्रणा त्यात अडकलेली असेल, म्हणून सुनावणी त्याच्या आधी घ्या आणि पेरणीच्या दिवसांत ठेवू नका, लोकांना येता आलं पाहिजे. तारीख आठ दिवस आधी गावात दवंडी देऊन आणि व्हॉट्सॲपवर कळवा. आम्ही सातबारे, मोजणीचे कागद आणि ओढ्यांचे जुने नकाशे घेऊन येऊ, तुमच्या इंजिनिअर साहेबांना सोबत शिवार फिरवून दाखवायचीही आमची तयारी आहे.

कळावे,
सिन्नर तालुक्यातला एक खातेदार, राहणार नाशिकरोड